साळवींचं लायसन

१४ जानेवारी १९९१
श्रीपाददादाने परस्पर डिटेक्टिव्ह नेमला! मांजर्लीच्या चिंतामणींची चौकशी करायला. मी लग्नाला होकार देऊन महिना झाला, तरी. उल्हासनगरचे कुणी बबन साळवी. "त्यांचं लायसन बघितलंस?" विचारलं. "भिंतीवर फ्रेम आहे," म्हणे. फ्रेममध्ये काय आहे ते वाचायला नको?

१६ जानेवारी
ऑफिस सुटल्यावर स्वतः उल्हासनगरला गेले. फ्रेममध्ये गुमास्ता लायसन — कापडाच्या दुकानात लावतात तेच. साळवींना तोंडावर विचारलं. म्हणाले, "मॅडम, ह्या धंद्याला वेगळं लायसन नसतंच." खोटं वाटलं, म्हणून पोलीस स्टेशनात विचारलं. हवालदार हसला. "बोर्ड लावला की झाला डिटेक्टिव्ह."
म्हणजे कुणीही उठावं, कुणाच्याही शेजाऱ्यापाजाऱ्यांना काहीही विचारावं! डोकं फिरलंय माझं.

१७ जानेवारी
दादाला म्हटलं, हे थांबव. "काम सुरू झालंय." नीलिमावहिनी मान खाली घालून तांदूळ निवडत राहिली.

२३ जानेवारी
दादा म्हणतो, रिपोर्ट आला. चिंतामणी पितात. अंबरनाथला एक बाई आहे.
क्षणभर खरंच वाटलं. मग संताप. लायसन नसलेला माणूस सांगतो आणि दादा ऐकतो? "आपल्याकडून नकार कळवलाय," तो म्हणाला. मला न विचारता! बत्तीस वर्षांची आहे मी. जेवले नाही.

२५ जानेवारी
पुन्हा साळवींकडे. उभ्याउभ्याच सुनावलं — कुणाच्या परवानगीने लोकांची अब्रू घेता, पुरावा दाखवा. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. पाण्याचा ग्लास पुढे केला.
"मॅडम, मुलगा चांगला आहे, निर्व्यसनी आहे, असंच मी तुमच्या भावाला सांगितलं. वाईट काहीतरी लिहून द्या म्हणून ते मागे लागले होते. मी नाही म्हटलं."
खुर्चीत बसले. पाणी प्यायले आणि माफी मागितली.

२६ जानेवारी
सकाळी वहिनीला मोरीपाशी गाठलं. ती रडायलाच लागली. "मालूताई, तुमचा पगार बंद झाला तर आपलं घर चालणार नाही, असं म्हणतात हे. मला सगळं माहीत होतं."
दादा पेपर वाचत होता. मी चप्पल घातली. "कुठे निघालीस?"
"मांजर्लीला. माझा होकार सांगायला."