पाहणी होईपर्यंत गाळ हलवू नये

दिल्ली, ११ सप्टेंबर

आदरणीय कौशल्याताईस,
सविनय जयभीम, वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून हे स्पीड पोस्ट. टीव्हीवर तू यमुना पाहिली असशीलच. ती तीन दिवस आमच्या बैठकीत मुक्कामाला होती. रमा आणि मी वरच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे, इशिताकडे होतो. रविवारी पाणी उतरलं आणि घोटाभर गाळ ठेवून गेलं.

पाण्यापेक्षा माणसांनी जास्त वैताग आणला. एक पुढारी होडीत उभा राहून फोटो काढून गेला. म्हणे वरच्या राज्याने मुद्दाम बंधाऱ्याची दारं उघडली. दुसऱ्या दिवशी दुसरा आला. तो म्हणाला, यांनी नाले साफ केले नाहीत, हे नाल्याचं पाणी आहे, पूर कसला! म्हणजे आम्ही बुडालो की नाही, हेच अजून ठरायचं आहे.

तहसीलचा माणूस तेवढा भोंग्यावरून सांगून गेला की पाहणी होईपर्यंत गाळ हलवू नये. मी छत्तीस वर्षं केंद्र सरकारच्या फायली सांभाळल्या, पुरावा कशाला म्हणतात ते मला कळतं. मला यांची मदत नको. पण 'नदीचा पूर' हे शब्द एका तरी सरकारी कागदावर आलेच पाहिजेत. तोवर घराला फावडं लावणार नाही.

आपला पोरगा सुगत दिल्लीतच द्वारकेला त्याच्या फ्लॅटवर बोलावतो आहे. पण पाहणीला आले आणि घरात कुणी नसलं तर? रमाला थोडा खोकला आहे, बाकी ठीक. तुझा लोभ आहे, तो तरी ओसरू देऊ नकोस.

तुझा,
काशीनाथ


नागपूर, १६ सप्टेंबर

चि. काशीनाथ यास,
अ. उ. आ.

हसावं की कपाळावर हात मारावा, कळेना. लहानपणी तुला कुणी ढकललं आणि गुडघा फुटला, तर मास्तर येऊन बघेपर्यंत तू रक्त पुसू द्यायचा नाहीस. मास्तर आले नाहीत, गुडघा मात्र पिकला. साठी बुद्धी नाठी म्हणतात. तुझी सहाव्या वर्षीच नाठी होती.

'थोडा खोकला' म्हणजे किती? रमाला दमा आहे, याची तुझ्या फायलीत नोंद नाही का? मोबाईलवर चार फोटो काढ आणि घर धुऊन टाक. पुढारी काय, उद्या एकमेकांना पेढे भरवतील.

रमाला आणि सुगतला आशीर्वाद. राग आला तरी उत्तर धाड.

तुझी,
ताई


दिल्ली, १९ सप्टेंबर

आदरणीय ताई,
सप्रेम जयभीम.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे, इशिता टाकेल पेटीत. तुमचं पत्र वाचून हे म्हणाले, ताईला प्रोसीजर माहीत नाही, फोटो कुणीही खोटा म्हणेल.

यांनी भिंतीवर पाण्याची रेघ पेन्सिलने आखून ठेवली आहे. खाली तारीख, शेजारच्या दोघांच्या साक्षीदार म्हणून सह्या. बैठकीत विटा मांडून त्यांवरून चालतो. मी स्वयंपाकघर तेवढं पुसून घेतलं, तर त्यावरून अबोला. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून पाहणीवाल्यांची वाट बघत बसतात. ऑफिसात फोन केला की हा विभाग त्या विभागाचं नाव सांगतो.

ओलीचा वास छातीत बसतो. पंप दिवसातून चार-पाचदा घ्यावा लागतो, यांना दोनदाच सांगते. सुगत न्यायला आला होता, पण यांना एकटं टाकून जाववत नाही. तुमचंच ऐकतील. माया असू द्या.

आपली,
रमाबाई


नागपूर, २३ सप्टेंबर

काशीनाथ,

आशीर्वाद आज राहू दे. रमाने तुझी तक्रार केलेली नाही, मी विचारलं म्हणून ती खरं बोलली, असंच समज. तिला काही बोललास तर याद राख.

हे सरकार त्या सरकारकडे बोट दाखवतं, ते तिसऱ्याकडे. त्यांचा तो धंदाच आहे. पण पाणी उतरल्यावर घरात गाळ कोणत्या सरकारने ठेवला? रमाच्या छातीचं काही झालं तर तू बोट कुणाकडे दाखवणार आहेस?

ताई


दिल्ली, ३ ऑक्टोबर

आदरणीय ताईस,
सविनय जयभीम.

तुझं पत्र २६ तारखेला आलं, ते मी दवाखान्यात वाचलं. त्या पहाटे रमाला श्वासच घेता येईना. इशिताने रिक्षा आणली म्हणून वेळेत पोचलो. दोन दिवस ऑक्सिजन होता. आता ती सुगतकडे आहे, बरी आहे, काल भाकरी खाल्ली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात ओल आहे का. मी म्हटलं, पूर आला होता. त्या म्हणाल्या, त्याला तीन आठवडे झाले की. मी सांगायला लागलो की पाहणी झालेली नाही, तहसील म्हणतं हे महापालिकेचं काम आहे, आणि मध्येच माझा मलाच आवाज ऐकू आला. हुबेहूब होडीतल्या पुढाऱ्याचा, ताई. मला फार लाज वाटली.

२८ ला सुगत आणि मी गाळ काढला. खालचा ओला, वरचा खापरासारखा झालेला. भिंत घासताना रेघ गेली, सह्याही गेल्या. सुगतने विचारलं, रेघ ठेवायची का. नको म्हटलं.

परवा पाहणीवाला आला. तरुण, सभ्य माणूस. स्वच्छ फरशी बघून त्याने 'नुकसान आढळले नाही' असं लिहिलं. मी सही केली, प्रत मागितली नाही. पाणी नदीचं की नाल्याचं, तेही विचारलं नाही. जाताना त्याने विचारलं, काही तक्रार नोंदवायची आहे का. मी म्हटलं, आहे, लिहून घ्या: एकवीस दिवस घरात गाळ ठेवून बायकोला आजारी पाडलं, जबाबदार घरमालक स्वतः.

त्याने फॉर्म उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, यात तसा रकानाच नाही.

म्हणून तुला लिहितो आहे. हे पत्र जपून ठेव.

तुझा,
काशीनाथ