आभाराच्या आधीचं बोलावणं

आबा! तुम्ही, मी आणि धरणाच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली ती आपली सगळी माणसं, आपली तक्रार एकच होती. आभार मानणारे आपल्याला पुष्कळ भेटले, विचारणारा कुणी भेटला नाही. धरणावरच्या प्रत्येक समारंभात कुणीतरी मंत्री उठायचा, प्रकल्पग्रस्तांच्या त्यागाला वंदन करायचा, टाळ्या पडायच्या आणि पाणी दुसऱ्यांच्या उसाला जायचं. त्या वंदनांवर मी आयुष्यभर तुटून पडलो. मोर्च्यांत बोललो, कॉलेजात बोललो, अमेरिकेत आल्यावर इथल्या मराठी मंडळाच्या व्यासपीठावरूनही बोललो. आज तुम्हाला लिहायला बसलोय, कारण तसलंच एक वंदन मी स्वतः लिहिलं आहे.

इथे जर्सीत, वेस्ट विंडसरला आमचं घर आहे ती जमीन लेनापे या इथल्या मूळ आदिवासी लोकांची होती. करार झाले, फसवणूक झाली, त्यांना पश्चिमेकडे रेटत नेलं. काही घराणी मात्र इथेच तग धरून राहिली. हल्ली इथल्या शाळांत, ग्रंथालयांत कार्यक्रमाआधी, ही जमीन मूळची त्यांची, अशा त्यांच्या नावानं चार ओळी वाचतात. मंडळाच्या गणपतीत आरतीआधी आपणही वाचू, असं मी गेल्या वर्षी बैठकीत मांडलं. नागपूरचा एक तरुण हसत म्हणाला, "काका, माझं ग्रीन कार्ड यायला अजून किती वर्षं लागतील ते देवाला ठाऊक. मी कुणाची जमीन घेतली, यार?" त्यावर इथे सगळ्यांत आधी आलेल्या, आता निवृत्त झालेल्या डॉक्टर काकू म्हणाल्या, "मागच्या महिन्यात वास्तुशांत केलीस ना? ती काय आकाशात केलीस?" मग सगळेच हसले. दोन मिनिटांत आटपायचं, मुलं कंटाळतात आणि मसालेभात गार होतो, या अटीवर ठराव मंजूर झाला.

मजकूर मी लिहिला. जीव ओतून लिहिला. आपल्या गावाचं दुःख त्यात घातलं, पाण्याखालचं देऊळ घातलं. शाळेच्या हॉलमध्ये वाचताना पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. मी खाली उतरलो तेव्हा मला वाटलं, आबा, आज तुम्ही असतात तर.

जेवणाच्या रांगेत एक पोक्त बाई माझ्याजवळ आल्या. आमच्यातल्या एकीबरोबर त्या हॉस्पिटलात काम करतात, तिनेच त्यांना गणपती बघायला बोलावलं होतं. बाई लेनापे होत्या. दोन तास गाडी चालवून दक्षिण जर्सीतून आल्या होत्या आणि त्या तिथे आहेत हे मला माहीतही नव्हतं. त्यांनी मजकुराचं कौतुक केलं, मनापासून केलं. मग म्हणाल्या, "आधी कळवलं असतंत तर मी आईला घेऊन आले असते. तिला आमच्या भाषेतली प्रार्थना येते." एवढंच. आवाजात राग नव्हता. त्यांनी फोन नंबर दिला, बुंदीचा लाडू आवडला म्हणाल्या आणि निघून गेल्या.

घरी येताना गाडीत मला तुमचं नवीन गावठाणातलं पहिलं वर्ष आठवलं. सरकारनं धरणाचं पाणी मिळणाऱ्या लाभक्षेत्रातल्या एका शेतकऱ्याची जमीन काढून आपल्याला दिलेली. तो रस्त्यात दिसला की थुंकायचा. आपल्याला धरणवाले म्हणायचा, आणि ती शिवीच होती. तुम्ही पहिल्यांदा त्याच्या घरी गेलात तेव्हा त्यानं दार लावून घेतलं. दुसऱ्यांदा उंबऱ्यातूनच आईबहिणीवरून बोलला. मी तुमच्याबरोबर होतो, चला म्हणून तुमची बाही ओढत होतो. तुम्ही मात्र नारळ तिथेच ओट्यावर ठेवता आणि विचारता, "बांधावरच्या म्हसोबाला काय लागतं, तेवढं सांगा. आम्हांस्नी ठावं न्हाई." तो नारळाकडे बघतो. मग म्हणतो, आखाडात कोंबडं. तुम्ही म्हणता, "मग ते तुमीच द्यायचं. मी जागा सारवून ठेवतो."

आणि तो आला, आबा. शेवटपर्यंत दर आखाडात येत राहिला. नैवेद्य तो दाखवायचा, तुम्ही मागे हात जोडून उभे. मी, तुमचा लेक, तेव्हा कॉलेजात जाऊन शहाणा झालेलो. जमीन कायद्यानं आपली आहे, मग याला मान कशाला, म्हणून तुमच्याशी वाद घातला. तुम्ही पेरणीची पाभर धुवत होता, मानही वर केली नाहीत. "सातबारा माझा हाय. द्येव त्याचा हाय." मला ते अडाणीपणाचं वाटलं होतं. पुढे मी जमिनीच्या हक्कावर शेल्फभर पुस्तकं वाचली आणि तुमचं ते वाक्य एकाही भाषणात घेतलं नाही.

येत्या शनिवारी पुन्हा गणपती आहे. समितीनं मला तोच मजकूर पाठवला आहे, काका, जरा छोटा करा, असं म्हणून. सगळे आता त्याचा अभिमान बाळगतात; नागपूरचा तो मुलगाही. मी तो काल मोठ्यानं वाचून पाहिला. वाक्यं चांगली आहेत. त्या मंत्र्याचीही चांगली असायची. त्याला तुमचं घर कुठे आहे हे माहीत नव्हतं. मला तर त्या बाईंचा नंबर माहीत आहे, वर्षभर. त्यांची आई अजून आहे की नाही, तेही मी विचारलेलं नाही.

हे पत्र कुठे टाकणार? तुम्ही असतात तरी तुम्हाला वाचून दाखवायला कुणाला तरी बोलवावं लागलं असतं. खरं सांगायचं तर, हजार माणसांपुढे न अडखळणारा मी त्या एका बाईंना फोनवर पहिलं वाक्य काय म्हणायचं, याला घाबरतो.

म्हणून आता तुम्हाला नाही, मंडळाच्या माझ्या माणसांना सांगतो. शनिवारी तो मजकूर वाचू नका. आज त्या बाईंना फोन लावा, नंबर मी देतो, आईला घेऊन या म्हणावं, आरतीआधीची वेळ तुमची आहे म्हणावं. आणि त्या येईपर्यंत माझ्या हातात माइक देऊ नका.