पायांवरून चेहरा

१२ नोव्हेंबर २००३
कॉम्प्युटर घेऊन महिना झाला. त्यावर केलं काय, तर मेलेल्या माणसांना कोट घातले! कोट एकच. नागभीडचे चौदा म्हातारे आता त्याच कोटात भिंतीवर टांगले आहेत. कपाळी टिळा, फोटोला हार, तोही कॉम्प्युटरमधलाच. पहिला हार मी बायकोच्या, कमळाच्या फोटोला घातला. तिला जाऊन दीड वर्ष झालं. स्टुडिओच्या मागच्या खोलीत मी एकटाच राहतो. दिवसभरात बोलतो काय — मान सरळ, डोळे उघडे ठेवा. त्यावर कोणी उत्तर देत नाही.

१९ नोव्हेंबर
बाजाराचा दिवस. तळ्याचे मासे विकणारी एक म्हातारी रिकामी टोपली बाहेर ठेवून आत आली. केसरबाई. वय सत्तर. नवऱ्याचा फोटो करून पाहिजे. जुना फोटो द्या म्हटलं, तर नाहीच! नवरा बेचाळीस साली पलटणीत भरती झाला, ब्रह्मदेशाकडे गेला तो गेलाच. तार नाही, पत्र नाही. लग्नात ही नऊ वर्षांची, आणि लग्नानंतर आठव्या दिवशी तो निघाला.

दिसायला कसा होता, विचारलं. तिने पदराने हात पुसले. मग म्हणाली, "त्याचे पायच पाह्यले मी, शालिकबाबू. मान वर कराची सोय नव्हती."

डाव्या अंगठ्यावर कुऱ्हाडीचा वण होता, एवढं तिला पक्कं आठवतं. मरायच्या आधी एकदा त्याचं तोंड पाहायचं आहे म्हणाली. पायांवरून चेहरा होत नाही, स्पष्ट सांगितलं. ती उठलीच नाही.

२६ नोव्हेंबर
पुन्हा आली. मीही कच्चा! काम घेतलं. धड मिळालं — मागे पोलीस कॅम्पातला एक शिपाई फोटो काढून गेला होता, त्याचं. बिल्ले पुसले. टोपी एका जुन्या मासिकातली. चेहऱ्यासाठी दुकानातले जुने फोटो एकेक करून दाखवले. एकाचं नाक पटलं, दुसऱ्याच्या भुवया. तिच्या सासरचं कोणी उरलेलं नाही, खरं-खोटं सांगणार कोण? हे बनावट आहे हे मला कळतं. तिलाही कळत असावं. पण नाक निवडताना ती अशी खुश होती की मी पुढचा फोटो काढून समोर ठेवला.

३ डिसेंबर
हनुवटीवर दोन तास घालवले आणि लाइट गेली. सेव्ह केलं नव्हतं. गाढव मी! ती हसली. साठ वर्षं थांबले, आता काय घाई, म्हणाली. जाताना सुकलेले झिंगे ठेवून गेली. पुष्कळ दिवसांनी घरात फोडणीचा वास आला.

८ डिसेंबर
सोमवार. बाजाराला अजून दोन दिवस.

१७ डिसेंबर
झाला! गालावर घामाची तकतक, ओठाखाली वस्तऱ्याची खरचट, डोळ्यांत खिडकीचा उजेड. अगदी समोर बसल्यासारखा. मॉनिटर तिच्याकडे वळवला. तिने झटकन पदर डोक्यावर ओढला आणि मान खाली घातली. कितीतरी वेळाने वर पाहिलं. बघत राहिली. मग हात लांबवून काचेवर तळवा ठेवला. हार झाकत होती. सवयीने घालून बसलो होतो मी! समोर कपाळभर कुंकू लावून बाई बसलेली, आणि मी तिच्या नवऱ्याला हार घातला.

"हार काढ, बाबू. तो मेला म्हणून मले कोणी सांगतलं नाई."

काढला. लाजेने तिच्याकडे बघवेना, कॉम्प्युटरकडे बघूनच बोलत राहिलो. प्रिंट पिशवीत घालताना म्हणाली, माझाही एक काढ, त्याच्या शेजारी लावते. रोलमध्ये चारच फोटो उरले होते, उद्याच्या साक्षगंधातल्या नवरा-नवरीसाठी ठेवलेले. पुढच्या बाजाराला या म्हटलं.

२४ डिसेंबर
आली नाही. दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन पाहिलं.

३१ डिसेंबर
आजही नाही. नवा रोल भरून ठेवला आहे.

७ जानेवारी २००४
तिचा भाचा मुखरू आला. आत्या रविवारी गेली. तेरवीला फोटो पाहिजे. जुना एकही नाही, मतदानाच्या कार्डावर नुसता काळा डाग. म्हणाला, "दर बाजाराले तुमच्यापाशीच बसत होती, शालिकभाऊ. तुमी पाह्यलं तिले. मनानं करा."

डोळे मिटून बसलो. टोपली आठवते. पदर आठवतो. पाय आठवतात — जोडवं झिजून तारेएवढं झालेलं.