सही माझ्याच हाताची

थंडीतल्या दुपारी पडवीत बसून माझ्याकडे कामाला असलेली पुतळी भिजवलेले वाल सोलायची आणि मी तिला व्हिक्टोरिया राणीच्या काळातले, डब्लिनच्या कोर्टातले गाजलेले खटले मराठीत सांगायचे. पुस्तक मदर कॉलम्बांचे. शाळेत आम्हाला इंग्रजी शिकवणाऱ्या या आयरिश नननी निरोपाच्या दिवशी ते मला दिले होते.

त्यात एका विधवेचा खटला होता. तिने घर मोलकरणीला लिहून दिले. पुतण्या कोर्टात गेला. त्याच्या वकिलाने मोलकरणीच्या अब्रूचे तीन आठवडे वर्तमानपत्रांतून धिंडवडे काढले आणि शेवटी विचारले, "सही कोणाची?" ती म्हणाली, "हात बाईंचा, जोर माझा." घर गेले.

"खरं बोलून काय मिळालं तिला?" पुतळी म्हणाली. "गप बसायचं व्हतं गो!"

मी, चंद्रावती माधव चित्रे, वय ६४, पेणच्या कोर्टातून निवृत्त टंकलेखक, राहणार रोहा, पूर्ण शुद्धीवर आणि स्वतःच्या मनाने हे लिहिते. हात कापतो, डोके नाही.

१. माझे आधीचे मृत्युपत्र मी बंबात जाळले आहे. त्यावर सही करताना हात कापू लागला, तेव्हा "थांबा बाई, मी धरते," म्हणत पुतळीने मनगट धरले. बरे वाटले, म्हणून मीही धरू दिले. अठ्ठावीस वर्षे दावे टाइप केलेल्या बाईने हीच चूक करावी!

२. रोह्याचे दोन खोल्यांचे घर मी माझ्या पगारातून बांधले. ते परसासह पुतळी जनू म्हात्रे हिला देत आहे. मिठागरावरच्या घरातली ही बाई नवऱ्याने टाकल्यावर कामाला आली, त्याला बावीस वर्षे झाली. माझ्या दुखण्यात तीच जवळ होती. माझ्या यजमानांचा पुतण्या अमोल म्हणाला, "काकू, कामवालीला घर? लोक काय म्हणतील?" मी म्हटले, "लोक कोर्टात जात नाहीत रे, तूच जाशील." तो हसला. नाही म्हणाला नाही.

३. म्हणून आज पुतळीला जिते गावी तिच्या बहिणीकडे पाठवले आहे. कारण सांगितले नाही. "मला घालवताय व्हय?" म्हणत ती रुसून गेली. त्याबद्दल तिची क्षमा मागते. डॉ. टिल्लूंनी सकाळी मला तपासून दिलेला दाखला सोबत जोडला आहे.

४. यजमानांचे घड्याळ आणि सागवानी कपाट अमोलला. लहानपणी तो माझ्याच मांडीवर झोपायचा; राग नाही. मदर कॉलम्बांचे पुस्तक त्याची मुलगी किमया हिला.

५. माझ्यामागे घराच्या किल्ल्या डॉक्टरांनी अमोलच्या देखत पुतळीच्या हातात द्याव्यात. तिने मागेपर्यंत थांबू नये. ती मागणार नाही.

(सही) चंद्रावती माधव चित्रे

बाईंनी आम्हा दोघांसमोर, कोणीही हात न लावता सही केली. त्यांच्यासमोर आम्हीही केली.

साक्षीदार:
१. डॉ. रघुनाथ बाळकृष्ण टिल्लू, रोहा
२. गिरजाबाई दामोदर शेडगे, निवृत्त परिचारिका, पेण

रोहा, दि. १७ नोव्हेंबर १९९६