घरचीच पोर म्हणून

प्रिय ताई,

तुझी बबडी आता शांत झोपते, असं काल फोनवर म्हणालीस. ऐकून बरं वाटलं. उजव्या कानाने तिला आता ऐकू येणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी तुझ्या शेजारीच होते.

ती कानशिलावर थपडा मारून घ्यायला लागली तेव्हा तू मलाच बोलावलंस. सख्खी बहीण वर्तनोपचार करते, मग बाहेर कुणाकडे कशाला जायचं? खरं तर नात्यातलं मूल आम्ही उपचाराला घ्यायचंच नसतं. परक्याची मुलगी असती तर मी आधी तिचे कान, दात डॉक्टरांना दाखवायला लावले असते. बोलता न येणारं मूल स्वतःला मारत असेल तर पहिली शंका दुखण्याची घ्या, हे शिकाऊ मुलींना मी घसा फोडून सांगते. त्यानंतर दोन आठवडे नुसतं बघायचं, कधी मारते, आधी काय घडतं, नंतर काय, सगळं टिपून ठेवायचं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. तुझ्या स्वयंपाकघराच्या दारात चहा पीत मी तिला वीस मिनिटं पाहिलं आणि सांगून मोकळी झाले, लक्ष वेधून घेतेय, तिच्याकडे बघू नका. मी काम करते त्या केंद्राच्या फॉर्मवर ‘वैद्यकीय तपासणी झाली’ या ओळीपुढे खूणही केली. घरचीच पोर, मला काय ठाऊक नाही, असा माझा तोरा.

पाच आठवडे तू भिंतीकडे तोंड करून भांडी घासलीस. एकदा न राहवून तिला पोटाशी धरलंस, तर मी तुला केवढं झापलं. तिला दुखत तर नसेल ना, असं तू विचारलंस तेव्हा मी हसले होते. ताप चढला तोवर पू कानामागच्या हाडात उतरला होता.

आता तू सगळ्यांना सांगतेस की तुझ्याच हातून नियम पाळले गेले नाहीत. काल तर उपचार पुन्हा कधी सुरू करायचे, असंही विचारलंस. म्हणून लिहिते आहे. तिला माझ्याकडे आणू नकोस. माझी खूण खोटी होती, हे मी केंद्रात लेखी दिलं आहे. तूही हे पत्र घेऊन तक्रार कर, बहीण म्हणून मला सोडू नकोस. तुझं काहीही चुकलं नाही. तिला काय होतंय ते फक्त तुला कळत होतं, आणि मी तुला तिच्याकडे बघू दिलं नाही.

तुझीच,
धाकटी