सहाच्या ट्रॅक्टरला बारा व्होल्ट

आई, तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. बाबा गेल्यावर त्यांचा जुना, रॉकेलवर चालणारा ट्रॅक्टर तू विकला नाहीस, स्वतः चालवायला शिकलीस. कशेळ्याच्या बाजूला तोवर ट्रॅक्टरवर बसलेली बाई कुणी पाहिली नव्हती. त्याची बॅटरी सहा व्होल्टची. तशी नवी कुठे मिळेना, आणि जुनी ठिणगीपुरती जेमतेम पुरायची. स्टार्टर फिरवायचा दम तिच्यात नव्हता. म्हणून तू रोज हँडल मारायचीस. एका सकाळी हँडल उलटं फिरलं आणि तुझं मनगट मोडलं.

मी तेव्हा मोहोपाड्याच्या कारखान्यात वायरमन. रजा काढून, शिळफाट्यावरून बारा व्होल्टची बॅटरी, डायनॅमो, दिवे, सगळं घेऊन आलो. तू प्लास्टरातला हात धरून ओट्यावर बसलेली.

"सहाचं यंत्र हाय रं. बारानं जळंल."

"सगळं बदलतोय ना मी! फक्त ठिणगी पाडणारी कॉईल राहिलीय, दुकानात नव्हती. ती येईपर्यंत थांब."

"चिखलणी थांबल काय? जुनीच लाव."

वाद घालून मी थकलो. जुनी कॉईल लावली आणि बजावलं, ही तापणार, थोडं चालवून बंद कर, गार होऊ दे. तू मान डोलावलीस. बटण दाबताच इंजिन धडधडलं, आणि तू एका हाताने सुकाणू धरून निघालीस. कसलं थांबणं! शेजारच्या खाचरात, गुडघाभर चिखलात, कॉईल जळून ट्रॅक्टर बंद पडला. मी धावत पोचलो तर बांधावरच्या बायकांना तू सांगते आहेस, "पोरानं बारा घातलं नि जाळलं. मी म्हनलंच व्हतं."

मी दात ओठ खात शिळफाट्याला गेलो, दुकानं पालथी घालून बाराची कॉईल आणली, बसवली. त्यानंतर तुला हँडलला हात लावावा लागला नाही. वर्षानुवर्षं तो एका बटणावर सुरू झाला, तू गावभर नांगरत फिरलीस. पण घरी कुणीही येवो, तू चहाबरोबर गोष्ट सांगायचीस ती कॉईल जळाल्याचीच. मी समोर बसलेला असायचो, आई.

हे तुला कधी बोललो नाही, आता लिहूनही कुणाला दाखवणार नाही. पाहुण्यांसमोर मी उठून जात नसे, ते एवढ्याचसाठी की आज तरी पुढचं सांगशील असं वाटायचं.