बुंध्याभोवतीची माया

मी, खाली सही करणारी, धंद्याने ब्लाउज शिवणारी, वय वर्षे बहात्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. मी उदास आहे. पण उदास माणसाचं मृत्युपत्रही चालतं, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे.

१. दुसऱ्या मजल्यावरचं राहतं घर मुलाला द्यावं. भिंतीवरचा मोठा टीव्हीही त्यालाच. डॉक्टरांनी मला रोज थोडा वेळ हिरवं बघायला सांगितलं, म्हणून पठ्ठ्याने तो आणला आणि त्यावर जंगलातला धबधबा लावून दिला. हेतू चांगला होता. पण धबधबा बघून मला नुसती लघवीला लागायची. हिरवं माझ्या खिडकीतच उभं होतं.

२. शिलाई मशीन, कात्र्या आणि दोन टेपा जोडून केलेली लांब टेप सुनेला. दर उन्हाळा सरला की मी खाली अंगणात जाऊन खिडकीसमोरच्या झाडाच्या छातीचं माप घ्यायची. लोक हसायचे, हसोत. नवरा गेल्यावर मी कोणाशी बोलले असेन तर त्या झाडाशी. उन्हाने घराघराची भट्टी झाली तरी माझ्या खिडकीशी बसून काम करता यायचं. त्या खिडकीला मी कधी पडदा शिवला नाही. गरजच नव्हती.

३. सोसायटीच्या सेक्रेटरींची पँट कमरेत सैल करायला आली आहे. तिला हात न लावता परत द्यावी. कमर आवळली की त्यांना श्वास घेता येत नाही म्हणे. पानं बुटांना चिकटतात म्हणून याच गृहस्थांनी अंगणात सिमेंट ओतलं. शिवणीत आम्ही जादा कापड सोडतो, त्याला माया म्हणतात. पुढे अंग भरलं की उसवून सैल करता येतं. मी धावत खाली गेले आणि गवंड्याला म्हणाले, "अरे, बुंध्याभोवती हातभर माया ठेव."

तो बिचारा गोंधळला. "आजी, माया आहेच हो, पण साहेबांनी सगळं भरायला सांगितलंय."

साहेब गॅलरीतून ओरडले, "काकू, झाडाला काय होतंय? उभंच तर आहे!"

त्यानंतर माप कधी वाढलं नाही.

४. झाड सुनेला. मुलगा म्हणाला, "आई, ते आपल्या नावावर नाही, देणार कसं?" सून म्हणाली, "लिहू द्या हो त्यांना. मी घालीन रोज बादलीभर पाणी."

हे कलम रद्द. परवाच्या अवेळी वादळात झाड मुळासकट आडवं झालं. मुळांना पसरायला जागाच नव्हती. ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, तेच माझ्याआधी गेलं. कोणी रोप आणून माझी समजूत घालू नये. आताच्या उन्हात ते जगेल, असं मला वाटत नाही.

५. खिडकीला मी काळा, जाड पडदा शिवून लावला आहे. तो काढू नये. पुढेमागे वाढवावासा वाटला तरी सुनेने शिवण उसवू नये. आत माया ठेवलेली नाही.

साक्षीदार:
१. डॉक्टर
२. इस्त्रीवाली (तिची टपरी त्याच सावलीत होती)

सही: ब्लाउजवाली
ठिकाण: राहतं घर, पडद्याच्या आत
दिनांक: झाडाचे तुकडे ट्रकमधून नेले, तो दिवस